शाळेतली दांडगाई आणि शिक्षकाचा वेळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत मी चोवीस वर्षं शिकवते आहे, सगळी यवतमाळ जिल्ह्यातच. मुलांच्या आपसातल्या त्रासाचा विषय पालकसभेत निघतो, शिक्षण परिषदेत निघतो, एसटीची वाट पाहतानाही निघतो. कोणी शिक्षकाला बोल लावतं, कोणी पोरांना, कोणी मोबाइलला. शिक्षकाचा दिवस कसा जातो आणि त्याचा मुलांच्या सुरक्षिततेशी काय संबंध आहे, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. ते सांगायला हे प्रश्न घेतले आहेत.

पोरं एकमेकांना चिडवतातच. त्यात दांडगाई कुठून आली?

दोन दोस्त कंच्यांवरून भांडले, एकाने दुसऱ्याची कॉलर धरली आणि संध्याकाळी दोघं एकाच सायकलवर डबलसीट घरी गेले, तर ते भांडण. त्यात आपण फार पडू नये. दांडगाई वेगळी. मूळचे स्वीडनचे आणि पुढे नॉर्वेत काम केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्व्हेअस यांनी १९७० च्या दशकापासून या विषयाचा अभ्यास केला आणि तिच्या तीन खुणा सांगितल्या : त्रास मुद्दाम दिलेला असतो, पुन्हा पुन्हा दिलेला असतो आणि ज्याला दिला जातो त्याचं समोरच्यापुढे काही चालत नाही.

आपल्याकडची मुलं 'दांडगाई' हा शब्द वापरत नाहीत. ती म्हणतात, "मॅडम, हा मले रोजच चिडवून राहिला." या वाक्यातला 'रोजच' ऐकायचा असतो. तो ऐकला की पुढचं विचारता येतं. घाईत असलेल्या माणसाला फक्त 'चिडवून राहिला' ऐकू येतं आणि तो म्हणतो, "जा बस जागेवर."

विदर्भातल्या खेड्यात ही दांडगाई कशावरून चालते, तर बोलीवरून (गोंडी, कोलामी, कोरकू, बंजारा घरातल्या मुलाच्या मराठीची नक्कल होते), जातीवरून, रंगावरून, तोतरेपणावरून, बापाच्या दारूवरून. खिचडीच्या पंगतीत "इथं नको बसू" म्हणून सरकवलं जातं. सायकलची हवा सोडतात, दप्तर विहिरीच्या कठड्यावर ठेवतात, बसमध्ये जागा अडवतात. सगळ्यात वाईट प्रकार मी पाहिला तो वडील आत्महत्येने गेलेल्या एका मुलीच्या बाबतीत. मुलं तिला काही बोलत नव्हती, फक्त ती आली की गप्प होऊन एकमेकांकडे पाहायची. त्याला तक्रारीत काय म्हणून लिहिणार?

यात शिक्षकाच्या कामाच्या परिस्थितीचा काय संबंध?

माझ्याच हातून घडलेलं सांगते. चौथीत एक कोलाम मुलगा होता. गावापासून दीडेक किलोमीटरवरच्या पोडावरून, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून, चालत यायचा. ऑगस्टचे दिवस होते. खिचडी वाढून झाली होती आणि मी आवारातल्या कडुनिंबाखाली उभी राहून मोबाइलवर त्या दिवशी जेवलेल्या मुलांची संख्या भरत होते, कारण आमच्या शाळेत रेंज फक्त तिथे येते. पान अर्धं उघडायचं आणि ते चाक गोल गोल फिरत राहायचं. तो माझ्यापुढे येऊन उभा राहिला. हातात एक चप्पल. "मॅडम," एवढंच म्हणाला. मी मान वर न करता म्हटलं, "थांब रे, दोन मिनिटं." संख्या भरली तोच फोन आला, कसलासा तक्ता दोन वाजेपर्यंत पाठवायचा होता. वर पाहिलं तेव्हा तो नव्हता.

तान्ह्या पोळ्यानंतर तो शाळेत यायचाच बंद झाला. मग कळलं, पाचवीतली तीन मुलं महिनाभर रोज सुट्टीच्या वेळी त्याची एक चप्पल लपवत होती. पोडाची वाट काट्याची आणि चिखलाची. तो एक चप्पल घालून घरी जात होता आणि दुसरी कुठे हरवली म्हणून घरी मार खात होता.

मी त्या मुलांना ओळखत होते, त्या वाटेने गेलेली होते, माझं लक्ष नव्हतं असंही नाही. माझं लक्ष दुसरीकडे लावलेलं होतं. त्रास सोसणारं मूल मोठ्या माणसाकडे फार हिंमत करून येतं आणि बहुतेक वेळा एकदाच येतं. ज्या क्षणी ते येतं तो क्षण शिक्षकाचा स्वतःचा आहे की कुठल्या तरी पोर्टलचा, यावर पुढचं बरंच काही ठरतं.

दोन शिक्षक असले की पुरेसं नाही का? मुलं तर तीस-चाळीसच असतात.

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पर्यंत मुलांना २ शिक्षक, ६१ ते ९० ला ३, ९१ ते १२० ला ४. स्वतंत्र मुख्याध्यापक १५० च्या वर पट गेल्यावर. आपल्या भागातल्या बहुतेक वस्ती-तांड्यांवरच्या शाळांना ही १५० ची संख्या स्वप्नातही दिसत नाही. त्यामुळे दोनपैकी एका शिक्षकाकडे मुख्याध्यापकाचा भार असतो. त्याने बँकेत जायचं, तांदळाचा हिशेब ठेवायचा, तालुक्याच्या बैठकीला जायचं, ग्रामसभेला बसायचं.

म्हणजे कागदावर दोन, हजेरीपटावर दोन आणि आठवड्यातले कितीतरी दिवस प्रत्यक्षात एक. त्या एकाकडे पाच वर्ग. पहिलीला अक्षर गिरवायला लावून तो पाचवीचा भागाकार घेतो, तेवढ्यात तिसरी मोकळी असते. त्या मोकळ्या वर्गात काय होतं ते त्याला दिसू शकत नाही.

ओल्व्हेअस यांना नॉर्वेच्या शाळांत आढळलेली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. शाळा किती मोठी, वर्गात मुलं किती, याचा दांडगाईशी फारसा संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो मधल्या सुट्टीत मुलांमध्ये किती मोठी माणसं असतात याचा. जिथे देखरेखीला जास्त शिक्षक, तिथे त्रास कमी. आपल्याकडे मधली सुट्टी म्हणजेच खिचडी वाढणं, चव नोंदवहीत सही करणं, संख्या भरणं. ज्या वेळेला मोठ्या माणसाची सगळ्यात जास्त गरज, त्याच वेळेला त्याला आपण सगळ्यात जास्त कामाला लावून ठेवलं आहे.

मग मॉनिटर कशाला असतो? वर्ग सांभाळायला मोठी मुलं आहेत ना?

हा प्रश्न पालक सहज विचारतात. मला त्याची भीती वाटते. शिक्षक कमी पडतो तेव्हा तो आपला अधिकार सगळ्यात दांडग्या मुलाच्या हातात देतो, कारण बाकीची त्याचंच ऐकतात. त्याने फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहायची. कोणाचं लिहायचं आणि कोणाचं पुसायचं, हे तो ठरवतो. बोर, चिंचा, पेन देऊन नाव पुसलं जातं. न देणाऱ्याच्या नावापुढे दोन फुल्या. सर परत येतात आणि यादीतल्या मुलांना उभं करतात. या शिक्षेवर आता सरांची सही असते. त्या मुलाने तक्रार कोणाकडे करायची?

मॉनिटर ठेवायचाच तर दर सोमवारी बदला, मुलगी-मुलगा आळीपाळीने, आणि नावं लिहायचं काम त्याच्याकडे देऊच नका. पाण्याचा माठ, पुस्तकपेटी, घंटा एवढंच द्या.

अशैक्षणिक कामं किती असतात? कायदा काय म्हणतो?

शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं की दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि स्थानिक संस्था, विधिमंडळ, संसद यांच्या निवडणुका सोडून इतर बिगरशैक्षणिक कामाला शिक्षकाला लावता येणार नाही. निवडणुकीच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्येच सांगितलं आहे की मतदारयादीच्या फेरतपासणीचं आणि निवडणुकीचं काम शिक्षकांना सुट्टीच्या आणि न शिकवण्याच्या दिवशी द्यावं, शिकवण्याच्या वेळात सहसा देऊ नये. हा निकाल कितीतरी शिक्षकांना माहीतच नाही. बीएलओचं (मतदारयादीसाठी नेमलेल्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचं) काम आलं की ते शाळेच्या वेळातच घरोघरी फिरतात, कारण तहसीलचा फोन त्या वेळातच उत्तर मागतो.

प्रत्यक्षात जे अंगावर येतं ते 'अशैक्षणिक' या शब्दात बसत नाही. यू-डायस प्लस आणि सरल या पोर्टलांवरच्या नोंदी, आधार जुळवणी, पोषण आहाराची रोजची नोंद, शिष्यवृत्तीचे अर्ज, निपुण या वाचन-गणिताच्या अभियानाचे तक्ते, साक्षरता सर्वेक्षण, कुठल्या तरी उपक्रमाचे फोटो 'आजच्या आज' ग्रुपवर. यातलं प्रत्येक काम एकेकटं पाहिलं तर शाळेशीच संबंधित आहे आणि दहा-पंधरा मिनिटांचं आहे. अडचण त्यांच्या बेरजेत आहे, आणि ते केव्हा येईल ते आपल्या हातात नसण्यात आहे. राज्य शासनाने २०२४ मध्ये शिक्षकांच्या कामांची शैक्षणिक आणि अशैक्षणिक अशी वर्गवारी करून दिली. त्याआधीपासून शिक्षकांच्या मोर्चांत 'आम्हाला शिकवू द्या' ही घोषणा ऐकू येते आहे. मी त्यात एक भर घालते : आम्हाला ऐकू द्या. कारण मुलाचं ऐकणं हे कुठल्याच पोर्टलवर भरलं जात नाही, म्हणून ते काम म्हणून मोजलंच जात नाही.

शिक्षक समोर असूनही त्याला दिसत नाही, असं कसं होतं?

थकलेल्या माणसाला शेवटचं दिसतं. सकाळपासून चार वेळा टोचलेलं मूल पाचव्यांदा उलटून दगड मारतं, आणि सरांची मान नेमकी तेव्हा वळते. दगड मारणारा सापडतो. त्याची उलटतपासणी करायला, आधीचं उकरायला वीस मिनिटं हवीत. ती नसतात. मग सर्वात झटपट न्याय होतो तो असा : दोघांनाही कान धरून उभं करा. शिक्षकाला वाटतं आपण दोघांना समान वागवलं. सोसणाऱ्या मुलाला कळतं की सांगून काही उपयोग नाही, उलट आपणच उभे राहतो. त्रास देणाऱ्यालाही तेच कळतं.

मी हे वर्षानुवर्षं केलं आहे. कोणी मला थांबवलं नाही, कारण वर्ग शांत दिसायचा.

छडी बंद झाली म्हणून पोरं शेफारली का?

नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी घातली, ते बरोबरच झालं. ज्या वर्गात मोठा माणूस हात उगारून प्रश्न सोडवतो तिथे पोरं तेच शिकतात आणि आपल्यापेक्षा लहानावर वापरतात.

पण शिक्षकांचं एक म्हणणं ऐकून घ्यायला हवं. छडी काढून घेतली आणि तिच्या जागी हातात काही दिलं नाही. डीएड-बीएडच्या काळात मला पाठ टाचण शिकवलं, फलकलेखन शिकवलं. रडणाऱ्या मुलाला काय विचारायचं, त्रास देणाऱ्या मुलाशी त्याचा पाणउतारा न करता कसं बोलायचं, दोघांच्या आईबापांना एकाच खोलीत कधी बसवायचं आणि कधी मुळीच नाही, हे मी चुका करून शिकले. आता प्रशिक्षणं भरपूर होतात, त्यातली कितीतरी ऑनलाइन, म्हणजे पुन्हा त्या कडुनिंबाखाली.

शिक्षणसेवक किंवा कंत्राटी शिक्षक असेल तर फरक पडतो का?

पडतो, आणि तो उघड बोलला जात नाही. शिक्षणसेवकाची पहिली तीन वर्षं मानधनावर असतात. प्राथमिकला ते आधी ६,००० रुपये होतं, जानेवारी २०२३ पासून १६,००० झालं. तीन वर्षांचं काम समाधानकारक ठरलं तर नियमित. अशा वेळी त्रास देणारा मुलगा गावातल्या वजनदार माणसाचा असेल, तर परजिल्ह्यातून आलेली, भाड्याच्या खोलीत एकटी राहणारी पंचवीस वर्षांची मुलगी कोणाच्या जोरावर त्याच्या बापाला बोलावून घेईल? खाजगी विनाअनुदानित आणि अंशतः अनुदानित शाळांत तर पगाराचा भरवसा नाही आणि पट टिकवायचा भार वेगळा. एका मुलाला टोकलं आणि बापाने दाखला काढला, तर पद धोक्यात.

नियमित शिक्षकही निश्चिंत नाहीत. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ असलेल्या शिक्षकांना टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण होण्यासाठी दोन वर्षांची मुदत घातली. पंधरा-वीस वर्षं शिकवलेली माणसं रात्री मुलांच्या वह्या बाजूला ठेवून स्वतःची पुस्तकं उघडून बसली. नोकरीची धास्ती असलेला माणूस भांडण अंगावर घेत नाही. हे समर्थन म्हणून लिहीत नाही, वास्तव म्हणून लिहिते आहे.

गुरुजी मुख्यालयी राहत नाहीत, अप-डाऊन करतात. खरा दोष तिथेच नाही का?

काही दोष तिथे आहे, हे मी मान्य करते. शिक्षक गावात राहतो तेव्हा त्याला कोणाचा पोरगा कोणाला नाल्यावर अडवतो ते न विचारता कळतं. चहाच्या टपरीवर कळतं, किराणा दुकानात कळतं. घंटेच्या पाच मिनिटं आधी गाडी लावणाऱ्याला आणि सुटल्यावर पहिल्यांदा किल्ली फिरवणाऱ्याला हे कळणार नाही, आणि दांडगाई नेमकी शाळा भरण्याआधी आणि सुटल्यानंतर होते.

पण गावात राहण्यासारखी खोली मिळते का, हेही विचारा. जुन्या शिक्षक निवासांची छपरं कित्येक ठिकाणी केव्हाच बसली. दोघं नवराबायको वेगवेगळ्या टोकांना नोकरीला, घरी म्हातारे आईवडील. यावर गावाने आणि शिक्षकाने एकमेकांवर तोंडसुख घेण्यापेक्षा एवढं करा : सकाळची वीस मिनिटं आणि सुटल्यानंतरची वीस मिनिटं शाळेत एक तरी मोठं माणूस असेल, याची वाटणी लिहून भिंतीवर लावा. आमच्याकडे दोन शिक्षक, स्वयंपाकीणबाई आणि अंगणवाडीताई अशा चौघांत ही वाटणी झाली आहे. स्वयंपाकीणबाईंना मुलांमधलं जितकं दिसतं तितकं मला कधी दिसलं नाही. कोण कोणाच्या शेजारी जेवायला बसत नाही, हे त्यांना तोंडपाठ असतं.

बसमध्ये होणाऱ्या त्रासाला जबाबदार कोण?

मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसेसमुळे खेड्यातल्या मुली आठवीच्या पुढे शिकू लागल्या, ही मोठी गोष्ट आहे. त्याच बसमध्ये आणि थांब्यावर टोमणेही चालतात. शाळा म्हणते आमच्या आवाराबाहेरचं, आगार म्हणतं मुलं तुमची. माझं उत्तर : मूल शाळेत येण्यासाठीच त्या बसमध्ये बसलं आहे, तर शाळेने वाहकाशी बोललं पाहिजे. वाहकाला फक्त एवढं सांगा की लहान मुली पुढच्या बाकांवर. बहुतेक वाहक ऐकतात.

मुलीच्या अंगाला हात लावणं, घाणेरडे इशारे, मोबाइलवरचे तसले फोटो हा प्रकार असेल तर 'मुलांमधलं आहे' म्हणून दाबता येत नाही. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवायची आहे. न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे, आणि शिक्षक त्यातून सुटत नाही.

आश्रमशाळेत काय वेगळं आहे?

रात्र. वर्गशिक्षक निघून गेल्यावर शेकड्यांनी मुलं आणि मोजके अधीक्षक, कामाठी. धारणी-चिखलदऱ्यापासून भामरागडपर्यंत हेच चित्र. मोठी मुलं लहानांकडून कपडे धुऊन घेतात, अंघोळीच्या नळावर मागे ढकलतात, घरून आणलेला खाऊ काढून घेतात. लहान मूल सहा वर्षांचं, त्याला फक्त माडिया किंवा कोरकू येते, आणि अधीक्षक मराठी बोलतात. त्याने सांगायचं तरी कोणत्या भाषेत? अधीक्षकही एकटे पडलेले असतात. दिवसा धान्य, भाजीपाला, आजारी मुलांना दवाखान्यात नेणं, रात्री जागरण. त्यांना विश्रांतीचा ठरलेला दिवस मिळाला तर मुलांना अधिक शांत माणूस मिळेल, इतका हा सरळ हिशेब आहे.

एक कायदा लक्षात ठेवा. महाराष्ट्राचा रॅगिंगबंदी कायदा १९९९ चा आहे आणि त्यात 'शैक्षणिक संस्था' या व्याख्येत वसतिगृहही येतं. तक्रार आल्यावर प्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची आहे. दुर्लक्ष केलं तर तोही दोषी धरला जातो.

त्रास देणाऱ्या मुलाचं नाव कमी करता येतं का?

नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. आणि करूही नये. तो मुलगा नाव कमी झाल्यावर जाणार कुठे? कापूस वेचायला, किंवा शाळेच्या फाटकाबाहेर उभा राहायला.

माझ्या मुलाला त्रास होतो. मी कोणाकडे जाऊ?

आधी वर्गशिक्षकाकडे. पण सकाळी घंटेच्या वेळी फाटकात गाठू नका, तेव्हा तो "पाहतो, पाहतो" म्हणणारच. फोन करून वेळ मागा, शाळा सुटल्यावर बसा. काय झालं, कधी, कुठे, कोणासमोर, हे वहीच्या पानावर लिहून न्या. त्या मुलाच्या घरी भांडायला जाऊ नका. खेड्यात पोरांचं भांडण दोन भावक्यांचं व्हायला एक संध्याकाळ पुरते.

दहा-पंधरा दिवसांत फरक पडला नाही तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मग शाळा व्यवस्थापन समिती, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते आणि तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हायला हवा. मुलाला मारहाण होत असेल, ते फार घाबरलं असेल तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक आहे, चोवीस तास चालतो, फोन मोफत आहे.

तक्रार पेटीबद्दलही विचारतात. बदलापूरच्या शाळेत चिमुकल्या मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या ऑगस्ट २०२४ च्या घटनेनंतर तक्रार पेट्या आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठीच्या सखी सावित्री समित्या यांच्याकडे पुन्हा लक्ष गेलं, चांगलं झालं. पण तीस मुलांच्या शाळेत अक्षरावरून नाव कळतं. मूल पेटीत चिठ्ठी टाकताना चार जण पाहतात. पेटी असू द्या, पेटीने माणसाची जागा भरून निघत नाही.

शाळा व्यवस्थापन समिती यात काही करू शकते की फक्त सह्या?

करू शकते. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. ही माणसं ठराव करू शकतात. 'एक शिक्षक प्रशिक्षणाला जाणार असेल तेव्हा केंद्रातून बदली शिक्षक मिळावा' असा ठराव सलग तीन बैठकांत लिहून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे गेला, तर त्याची दखल घ्यावी लागते. मी एकटीने तेच तोंडी सांगितलं तर ती कुरकुर ठरते. आमच्या समितीतल्या दोघी-तिघी आया शेतीची कामं नसतात त्या दिवसांत मधल्या सुट्टीत हापशाजवळ येऊन बसतात. काही करत नाहीत, गप्पा मारतात. हापशाजवळची ढकलाढकली गेली.

कापूस वेचणीच्या हंगामात हे जमत नाही. तेव्हा आजोबांना बोलवा.

मग परिस्थिती बदलेपर्यंत शिक्षकाने हातावर हात ठेवून बसायचं का?

नाही, आणि हे मी माझ्या सहकाऱ्यांना कळकळीने सांगते. पद भरणं, पोर्टलं कमी होणं हे आपल्या हाती नाही, त्यासाठी संघटनेत भांडू. पण दिवसातली दहा मिनिटं आपली आहेत आणि ती राखता येतात. मी खिचडीनंतर फोन कपाटात ठेवते. संख्या शाळा सुटायच्या आधी भरते. एकदा विचारणा झाली, मी कारण सांगितलं, पुन्हा कोणी विचारलं नाही.

एक साधी वही ठेवा, दोनशे पानी. मूल काय म्हणालं ते त्याच्याच शब्दांत आणि तारीख. महिनाभराने पानं उलटली की एकच नाव पाच वेळा दिसतं, जे रोजच्या धावपळीत दिसलं नव्हतं. वही कुलपात ठेवा. त्रास देणाऱ्याशी एकट्याशी बोला, सगळ्यांसमोर नाही. तीन मुलं असतील तर तिघांशी वेगवेगळं, कारण तिघांतला एक बहुधा नुसता घाबरून सोबत असतो. सोसणाऱ्याला आणि त्रास देणाऱ्याला समोरासमोर उभं करून 'सॉरी म्हण' एवढं करू नका, त्याची किंमत ते मूल वाटेवर मोजतं. पहिली ते आठवीला 'आनंददायी शनिवार' सुरू झाला आहे. त्यातला एक तास गोल बसून बोलायला द्या. पहिले तीन शनिवार कोणी बोलत नाही.

हे सगळं करता करता शिक्षकच खचला तर?

बोला. घरी बोला, सहकाऱ्याशी बोला. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक शिक्षकांसाठीही आहे, आणि तिथे मराठीत बोलता येतं.

मी एका मुलाला 'थांब' म्हणून परत पाठवलं होतं. आता उशीर झाला का?

जा आणि त्याला सांगा. त्या कोलाम मुलाच्या पोडावर मी एका रविवारी गेले. आई अंगणात तूर पाखडत होती, तिने बाज टाकली. तो घराच्या मागे जाऊन उभा राहिला, पुढे आला नाही. मी मोठ्याने म्हटलं, त्याला ऐकू जाईल असं, "त्या दिवशी तू सांगायला आला होतास. मी ऐकलं नाही. माझी चूक झाली." आईला मी तिने मारू नये म्हणूनही सांगितलं, चप्पल त्याने हरवली नव्हती. तासभर बसले, चहा घेतला, तो काही आला नाही. त्या तिघांशी मी आधीच बोलले होते, आणि पोडाच्या वळणापर्यंत मुलं जाईपर्यंत माझे सहकारी रस्त्यावर उभे राहू लागले होते.

पुढच्या सोमवारी तो आला. दोन्ही चपला पायात होत्या. वर्गाच्या दारात त्याने त्या काढल्या, एकमेकींवर ठेवल्या आणि दप्तरात घातल्या. दिवाळीपर्यंत तो रोज त्या दप्तरातच ठेवत होता. दिवाळीनंतर एक दिवस त्या मला दाराबाहेर बाकीच्यांच्या ओळीत दिसल्या.